चार जागा बघायच्या, मग बास

आमच्या वन्सं कुठल्याही परक्या खोलीत शिरल्या की आधी उशी हुंगायच्या. चोरून नव्हे, चांगली दोन्ही हातांत धरून, मालकाच्या डोळ्यांदेखत. मालक ओशाळायचा, बरोबरची माणसं दुसरीकडे बघायची, आणि वन्सं बाजारात खरबूज पारखावं तशा शांतपणे निकाल द्यायच्या, “ही घिऊन जावा. आमी हातावर डोकं ठिवून झोपू.” असं केल्यानं समोरच्याचा अपमान होतो, असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, “उशीला वास मारतोय त्यात त्याचा अपमान न्हाय, आन् मी हुंगली तर अपमान व्हय?” याला उत्तर नसायचं. वन्संच्या पुष्कळ बोलण्याला उत्तर नसायचं, आणि लोकांना तेच खटकायचं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. सोलापुरात आमचं सुताचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर राहतं घर. एकोणिसाव्या वर्षी कपाळ मोकळं होऊन त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. अशा बाईनं घरात कसं वावरावं याचे नियम तेव्हा ठरलेले होते. हळू बोलावं, दारात उभं राहू नये, मंगलकार्य असलं की स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नये. हा शेवटचा नियम वन्सं मुकाट्यानं पाळायच्या, तेवढा एकच. हळू बोलणं तर त्यांना जमण्यासारखंच नव्हतं. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की पाठोपाठ त्यांचा आवाज सुरू व्हायचा, आणि भोंगा निदान थांबायचा तरी.

नवऱ्याच्या शेवटच्या आजारात त्या दीड महिना इस्पितळात त्याच्या खाटेपाशी बसून होत्या. नवरा वाचला नाही. पण तिथल्या नर्सा काय उकळतात, काय उन्हात टाकतात आणि कशाकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे त्यांनी नीट पाहून ठेवलं. त्यातूनच त्यांचा चार जागांचा नियम तयार झाला. परगावी कुठे उतरायचं झालं की उशी, खाटेचे सांधे, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि मोरी, एवढं बघायचं. वाईट असेल ते तिथल्या तिथे निस्तरायचं. मग वळकटीतली आपली चादर अंथरायची आणि आडवं व्हायचं. “काळजी घटकाभराची, सुट्टी पंधरा दिसांची,” असं त्या म्हणायच्या. “उलटं करनारी माणसं घरीच बसल्याली बरी.”

ती चादरही त्यांच्यासारखीच खणखणीत होती. निळ्या काठाची, हातमागावरची. आमच्याकडून सूत नेणाऱ्या एका तेलुगू विणकराशी त्याच्याच भाषेत, म्हणजे मोडक्यातोडक्या तेलुगूत, हुज्जत घालून त्यांनी ती नेहमीपेक्षा चार बोटं रुंद विणून घेतली होती. खाटेच्या दोन्ही कडांनी ती खाली आली पाहिजे, हा हट्ट. “अंगाखाली आपली चादर असली की जागा कुनाची का असंना,” म्हणायच्या, आणि खरोखरच जागा कुणाचीही असली तरी घोरायच्या.

मी मात्र काळजी पंधरा दिवसांची आणि सुट्टी घटकाभराची करणाऱ्यांतली झाले होते. का झाले, ते सांगायला हवं.

माझं माहेर मंगळवेढ्याचं. आई माझ्या लहानपणीच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. आमच्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांचा दरारा होता. बाळंतिणीची खोली शेणानं सारवली, चारी कोपऱ्यांत गोमूत्र शिंपडलं, आणि विटाळाचं कुणी आत येऊ नये म्हणून स्वतः पहाऱ्याला बसल्या. वन्संना उंबऱ्याच्या आत यायला बंदी. विधवेची सावली नको. मी कळा देत होते आणि बाहेरून वन्संचा आवाज येत होता, “आये, विळा उकळून घे! नाळंला राख लावू दिऊ नगंस!” आत्याबाईंनी आतूनच सुनावलं, “गाईच्या गवरीची राख हाय, देवाची. तू गप बस.” सुईणीनं ती देवाची राख लावली. मुलगा आठव्या दिवशी धनुर्वातानं गेला. बारसं व्हायचं होतं, म्हणून त्याला नावसुद्धा नाही. आजही मनात त्याला हाक मारायची तर काय मारावी, हे मला कळत नाही.

“बाळंतिणीच्याच अंगात कायतरी घान असनार,” असं आत्याबाई कुणाशी तरी बोलल्या, ते मी ऐकलं. त्या दिवसापासून मी धुवायला लागले. हात धुवायचे, भांडं धुवायचं, भांड्याला हात लागला म्हणून पुन्हा हात. बोटांना भेगा पडल्या, त्यांतून रक्त यायला लागलं. कुणाच्या घरचं पाणी घशाखाली उतरेना. शेजारणीचं मूल रांगत जवळ आलं तर मी भिंतीला चिकटून उभी राहायची. माझा हात त्याला लागला तर? वर्षभरात माझा काटा झाला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, हात पाहिले आणि यांना म्हणाले, औषधानं हे जायचं नाही, हवापालट करा, महिनाभर तरी महाबळेश्वरी न्या. महिन्याचे पंधरा दिवस घरात बोलणं होतानाच झाले.

पण पंधरा दिवसांनासुद्धा आत्याबाईंचा विरोध होता. “कोन कुटला झोपून गेला आसंल त्या खाटंवर! खोकल्याचा, खरजंचा! तितं जाऊन ही बरी व्हनार?”

वन्सं तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माणसं झोपली असनार की. खोल्या माणसांसाठीच असत्यात. गोदीला मी नेती.”

“तू? तीर्थाला जा म्हनलं तर जात न्हाईस, आन् आता थंड हवा खायाला जातीस? तुज्यावानी बाईनं? लोक काय म्हनतील?”

“लोकास्नी सांग, थंड हवंला कुंकू लागत न्हाय.”

आत्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. वन्संनी ते दोन दिवस कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून घेण्यात घालवले. यांनी आम्हाला पुण्याला गाडी बदलून वाठारपर्यंत आणि तिथून मोटारीनं घाट चढून वर पोचवलं. दुकान बंद ठेवता येत नव्हतं, म्हणून ते दुसऱ्याच दिवशी परतले. सोलापुरात तेव्हा अंगाची लाही होत होती आणि इथं भर दुपारी पदर लपेटून घ्यावा लागत होता. माझं मात्र हवेकडे लक्षच नव्हतं. मी खोलीच्या दारात उभी होते आणि आत पाऊल टाकत नव्हते.

बैठं कौलारू घर होतं, ओळीनं सहा खोल्या आणि पुढे लांब ओसरी. वन्संनी उशी हुंगली आणि बाहेर दिली. माठ पालथा केला, आतून हात फिरवला, बरा आहे म्हणाल्या. मोरीत बादलीभर पाणी ओतून ते भराभर जातं की तुंबतं ते पाहिलं. मग खाटेची नवार सैल केली, सांध्यात हेअरपिनेचं टोक फिरवलं आणि मला ते दाखवलं. ढेकूण. मी किंचाळले. “वरडतीस कशापायी? ते काय वाघ हायत?” म्हणत त्यांनी खाट एकटीनं उन्हात ओढली, भटारखान्यातून उकळत्या पाण्याची किटली मागून आणून एकेका सांध्यात ओतली आणि वाळल्यावर रॉकेलचा बोळा फिरवला. ऊन उतरायच्या आत खाट आत आली, तिच्यावर निळ्या काठाची चादर पडली आणि चादरीवर वन्सं पडल्या.

“वन्सं, वर कोपऱ्यात जाळं आहे,” मी म्हटलं.

“आसू दे. ते कोळ्याचं घर हाय, आपलं न्हाय.”

“भिंतीवर डाग आहे तो कसला?”

“भित चाटनार हाईस काय?”

मी हात धुवायला मोरीत गेले. धुऊन आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा वन्संनी उठून माझं मनगट धरलं. त्या रागावतील असं वाटलं, पण त्यांनी माझा तळवा उलटा करून भेगा पाहिल्या आणि फार हळू आवाजात बोलल्या. तेवढा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. “गोदे, पयल्या डावाला धुतलंस ते हातासाठी. दुसऱ्या डावाचं पानी भीतीला. भीती पान्यानं जात न्हाय गं. पानी घातलं की झाडावानी वाढती.” त्या दिवसापासून माझं धुणं त्यांनी मोजून एकदाच ठेवलं. दुसऱ्यांदा उठले की दारात आडव्या उभ्या राहायच्या. मी रडायची, भांडायची, त्यांना वाट्टेल ते बोलायची. त्या हलायच्या नाहीत. “रड की. रडायला पानी डोळ्यातलं लागतंय, मोरीतलं न्हाय.”

चारपाच दिवसांनी शेजारच्या खोलीत पुण्याकडची मंडळी उतरली. एक ठसठशीत नथ घातलेल्या बाई, त्यांचा मुलगा आणि नवी कोरी सून. आमची खोली कडेची, आणि ओसरीवरून येताजाता आमच्या दारावरून जावं लागे. वन्सं रोज सकाळी ओसरीवर पाय पसरून उन्हाला बसायच्या. बाईंनी पहिल्याच सकाळी त्यांचं मोकळं कपाळ पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत वळल्या. घटकाभरानं तिथला मॅनेजर हात चोळत आमच्यापुढे आला. म्हणाला, “मागच्या अंगाला एक चांगली खोली आहे. तुम्ही तिकडे गेलात तर बरं होईल. नवीन लग्नाची जोडी आहे हो, उठल्याबरोबर...” पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

वन्संना ते न बोललेलं ऐकू आलं. चला, जाऊ या मागे, असं मी म्हटलंसुद्धा. वन्सं उभ्या राहिल्या. “कशापायी? म्या खोली घान केली काय?”

“घाण नाही हो बाई, तसं कोण म्हणतंय?”

“मग काय हाय? ये, आत ये. चार जागा बघ.” आणि त्यांनी त्या बिचाऱ्याला खरंच आत नेलं. खाटेचे सांधे बघायला लावले, माठात डोकावायला लावलं, मोरीत पाणी ओतून दाखवलं. उशी नव्हतीच, तर चादर हुंगायला लावली. “आता सांग दादा, घान कुटं हाय? दावलीस तर ह्या पावली उठती. न्हाय दावलीस तर पंधरा दिस सरंपातुर हितंच बसती, ह्याच ओसरीवर.”

मॅनेजरला काही दाखवता आलं नाही. तो गेला. पलीकडून नथवाल्या बाईंनी मुलाकरवी गोमूत्र मागवलं आणि आपल्या उंबऱ्यावर शिंपडलं. वन्संनी इथून ओरडून सांगितलं, “बाई, गोमुत्राला ढेकूण भीत न्हाईत. खाटंच्या सांध्यात उकळतं पानी घाला, माज्याकडं रॉकेल बी हाय.” बाईंनी ऐकलं नाही. असल्या तोंडचा सल्ला कोण ऐकणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी सून आमच्या दारात उभी होती. मान, दंड, गाल, सगळीकडे लाल गांधी. खालमानेनं म्हणाली, “आत्या, ते रॉकेल द्याल?” वन्संनी बाटली दिली नाही. स्वतःच उठल्या, किटली घेतली, पदर खोचला आणि सरळ त्या खोलीत शिरल्या. खाट बाहेर काढली. तासभर त्या आणि ती पोर मिळून ढेकूण मारत होत्या आणि हसत होत्या. नथवाल्या बाई ओसरीच्या टोकाला पाठ फिरवून बसल्या होत्या. काम संपून वन्सं बाहेर पडल्या, तशा बाई उठल्या आणि त्यांनी उंबऱ्यावर पुन्हा गोमूत्र शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मी ते बघत होते. त्या बाईंचा हात मागेपुढे होत होता, चेहऱ्यावर समाधान येत नव्हतं, म्हणून हात पुन्हा जात होता. आणि मला एकदम माझे हात दिसले. हे सारं मी रोज करत होते, फक्त माझ्या पाण्याला नाव वेगळं होतं. माझ्या बाळाच्या खोलीतही असंच शिंपडलं होतं, आणि ज्या एका बाईला स्वच्छ म्हणजे काय ते ठाऊक होतं, तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. मला इतका राग आला, इतका राग आला की भूक लागली. मी आत जाऊन वर्षभरानंतर पहिल्यांदा आपणहून हात एकदाच धुतले आणि अख्खी भाकरी खाल्ली. वन्संनी फक्त चटणी पुढे सरकवली.

पंधरा दिवस आम्ही त्याच खोलीत राहिलो आणि त्याच ओसरीवर बसलो.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. या खेपेला बाळंतपण इस्पितळातच करायचं, हे वन्संनी परस्पर ठरवून टाकलं. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. “कोन कुटली बाळंतीन झोपून गेली आसंल त्या खाटंवर!” वन्सं आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. “खाट मी बघती,” वन्सं म्हणाल्या, आणि बघितलीही; नर्स कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. मुलगी झाली. माझं दुखणंखुपणं, धुणं, खाणं सगळं वन्संनी केलं. बाळाचे कपडे उकळले, वाळवले, घड्या घातल्या. पण बाळाला त्यांनी हात लावला नाही. घ्या ना, म्हटलं तर म्हणाल्या, हात ओले हायत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पडसं झालंय. तिसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. हात कोरडे होते आणि पडसं नव्हतं. तेव्हा मला कळलं. साऱ्या जगाच्या भीतीला हसणाऱ्या या बाईच्या मनात एक भीती आत्याबाईंनी इतक्या वर्षांत शिंपडून शिंपडून रुजवली होती, की आपल्या सावलीबद्दल लोक म्हणतात ते खरं असलं तर?

वन्संना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या गेल्या तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांचं अंथरूण गावाबाहेर टाकायला काढलं, त्यातून निळ्या काठाची चादर मी ओढून घेतली. मेलेल्या माणसाची चादर, म्हणून बायका कुजबुजल्या. मी ती एकदा उकळली, उन्हात वाळवली आणि माझ्या लेकीच्या खाटेवर अंथरली. ज्यांना कुजबुजायचं त्यांनी कुजबुजावं. पण वन्सं आठवल्या की मला तो दिवस आठवत नाही. बारशाचा दिवस आठवतो.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या लेकीला सख्खी आत्या एकच, आणि ती स्वयंपाकघरात घुगऱ्या ढवळत होती. मानासाठी अक्कलकोटहून एक चुलत नणंद मुद्दाम बोलावली होती, सवाष्ण म्हणून. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. आत्याबाई पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. चुलत नणंदेनं बाळासाठी हात पुढे केले आणि मी बाळाला घेऊन उठले. सरळ स्वयंपाकघरात गेले, वन्संचं मनगट धरलं आणि त्यांना पाळण्यापाशी आणून बसवलं.

“सोड गं,” वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी बसला होता. “माज्या तोंडानं नगं. आदीच एक गेल्यालं हाय. बायका बघत्यात.”

“बघू देत,” मी म्हटलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. “चार जागा बघा, वन्सं. मग बास.”

वन्संनी हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. तिसऱ्यांदा पुसायला लागल्या तेव्हा मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या थांबल्या. त्यांनी बाळाचा कान मागून पाहिला. मानेच्या वळीत बोट फिरवलं. मूठ उघडून तळवा पाहिला. मग दुपटं बाजूला केलं आणि बेंबीपाशी त्यांचं बोट थांबलं. कितीतरी वेळ तिथंच राहिलं. बेंबी कोरडी होती, स्वच्छ होती.

“लई सोच्च हाय,” त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग वाकून त्यांनी माझ्या लेकीच्या कानात तिचं नाव सांगितलं, भोंग्यासारख्या आवाजात, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं.

नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. एकही बाई जागची हलली नाही. मग मीच एक सणसणीत धपाटा घातला. लगोलग दुसरा पडला. कुणाचा म्हणून मी वर पाहिलं, तर पाळण्याची दोरी सोडून आत्याबाई उठून आल्या होत्या.